मिर-१२२ आणि हिपॅटायटिस सी : जनुकं गप्प करणारा आरएनए विषाणूला का तगवतो

ह्यू-७ आणि हेप-जी-२ या दोन्ही माणसाच्या यकृतातल्या गाठींमधून काढलेल्या पेशी. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वर्षानुवर्षं वाढवल्या जातात आणि यकृताची बरीचशी प्रथिनं दोन्ही तयार करतात. तरी हिपॅटायटिस सी विषाणूचा आरएनए ह्यू-७मध्ये सोडला की त्याच्या प्रती वाढत जातात, हेप-जी-२मध्ये मात्र तो तग धरत नाही. २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात पीटर सार्नो यांच्या प्रयोगशाळेतल्या कॅथरिन जॉपलिंग आणि सहकाऱ्यांनी या फरकामागचं एक मोठं कारण दाखवलं. मिर-१२२ नावाचा २२ अक्षरांचा आरएनए ह्यू-७मध्ये भरपूर असतो आणि हेप-जी-२मध्ये जवळपास नसतोच. ह्यू-७मधला हा आरएनए बांधून ठेवला, तर विषाणूचा आरएनए सुमारे ८० टक्क्यांनी घटतो.

हे चक्रावून टाकणारं होतं. मिर-१२२ हा मायक्रोआरएनए. मायक्रोआरएनएचं त्या वेळेपर्यंत माहीत असलेलं काम एकच होतं, दुसऱ्या आरएनएवर बसून त्याला गप्प करणं. इथे तो विषाणूच्या आरएनएवर बसत होता आणि विषाणू वाढत होता.

पुढे या शोधातून औषध निघालं, माणसांवर तपासलं गेलं आणि मागेही पडलं. प्रथिन न बनवणारे आरएनए पेशीत काय काय करतात हे समजून घ्यायला इतकं पुराव्याने भरलेलं प्रकरण क्वचित मिळतं, म्हणून ते इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे.

यकृतात मिर-१२२ एरवी काय करतो

माणसाच्या जनुकसंचातला दोन टक्क्यांहूनही कमी भाग प्रथिनांचा आराखडा सांगतो. उरलेल्या भागातूनही असंख्य आरएनए उतरवले जातात आणि त्यांतले मायक्रोआरएनए हे सगळ्यांत नीट समजलेलं कुटुंब. पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, १९९३ साली एका सूक्ष्म गोलकृमीत सापडला. त्या कामासाठी व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं.

मिर-१२२चं जनुक १८व्या गुणसूत्रावर आहे. यकृतपेशीतले एचएनएफ-४-अल्फासारखे नियंत्रक ते चालू ठेवतात, म्हणून तो जवळजवळ फक्त यकृतातच दिसतो. आधी लांब आरएनए उतरतो. केंद्रकात ड्रोशा हे विकर त्यातला केसपिनेसारखा वळलेला तुकडा कापून काढतं, हा तुकडा पेशीद्रवात येतो आणि तिथे डायसर हे दुसरं विकर त्याचा वळणाकडचा भाग छाटतं. उरलेल्या दुहेरी तुकड्यातली एक पट्टी आर्गोनॉट या प्रथिनात बसते, दुसरी टाकली जाते. आर्गोनॉटला स्वतःला कुठे जाऊन बसायचं ते कळत नाही. तो पत्ता मायक्रोआरएनए सांगतो, आणि बसल्यावर पुढचं काम आर्गोनॉटभोवती जमलेली प्रथिनं करतात.

पत्त्यातला निर्णायक भाग फार छोटा असतो. मिर-१२२ची अक्षरं अशी आहेत: यू-जीजी-ए-जी-यू-जी-यू-जी-ए-सी-ए-ए-यू-जी-जी-यू-जी-यू-यू-यू-जी. यातली २ ते ८ ही सात अक्षरं म्हणजे 'बीज', जीजीएजीयूजीयू. समोरच्या आरएनएवर एसीएसीयूसीसी ही पूरक सात अक्षरं असली, तर जोडी जमू शकते. सात अक्षरांचा विशिष्ट क्रम योगायोगाने सरासरी १६,३८४ अक्षरांत एकदा येतो (चाराचा सातवा घात). म्हणजे नुसता क्रम जुळला म्हणून लक्ष्य सापडलं असं मानता येत नाही. संगणकाने काढून दिलेल्या लक्ष्यांच्या यादीवर थेट विसंबणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा इथेच होते.

एका यकृतपेशीत मिर-१२२च्या ५०,०००हून अधिक प्रती असतात. प्रौढ यकृतातल्या सगळ्या मायक्रोआरएनएंपैकी सुमारे ७० टक्के हा एकटाच. त्याची दोन लक्ष्यं जवळून पाहण्यासारखी आहेत. पहिलं अल्डोलेज-ए. हे साखर तोडणारं विकर स्नायूंच्या कामाचं आहे, यकृताचं स्वतःचं अल्डोलेज-बी वेगळं असतं. मिर-१२२ अल्डोलेज-एचा संदेश (प्रथिनाचा आराखडा वाहून नेणारा आरएनए) दाबून ठेवतो आणि यकृतपेशी यकृतपेशीच राहते. दुसरं लक्ष्य कॅट-१, आर्जिनिन हे अमिनो आम्ल पेशीत ओढून आणणारं प्रथिन. यकृतात आर्जिनिन फोडणारं विकर मुबलक असतं. तिथे कॅट-१ मोकळं सोडलं तर रक्तातलं आर्जिनिन भराभर संपेल, म्हणून ते दाबलेलंच बरं.

कॅट-१वर २००६ साली बासेलमध्ये विटोल्ड फिलिपोविच यांच्याकडे सुवेंद्र भट्टाचार्य यांनी फार सुंदर काम केलं (नंतर ते कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेत आले). पेशींना अमिनो आम्लं मिळेनाशी झाली की एचयूआर हे प्रथिन कॅट-१च्या संदेशावर येऊन बसतं आणि मिर-१२२ची पकड सुटते. साठवणीत पडलेला संदेश पुन्हा प्रथिन बनवायला लागतो. नवा संदेश उतरवण्याची वाट पाहावी लागत नाही. मायक्रोआरएनएचा दाब कायमचा नसतो, गरज पडली की तो काढता येतो, हे या प्रयोगाने ठसवलं.

विषाणूच्या टोकाशी

हिपॅटायटिस सीचा सगळा आनुवंशिक मजकूर म्हणजे सुमारे ९,६०० अक्षरांचा एकच आरएनए. आपल्या पेशींचे संदेश पुढच्या, म्हणजे ५-प्राइम टोकाला एक टोपी घालून फिरतात. टोपीमुळे टोक शाबूत राहतं आणि प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमलाही तिथे बसता येतं. हिपॅटायटिस सीच्या आरएनएला टोपी नाही. पहिल्या ३४१ अक्षरांतून कोणतंच प्रथिन बनत नाही, पण त्यांच्या घड्यांना रायबोसोम थेट येऊन चिकटतो. प्रथिन बनवण्याची अडचण अशी सुटते. उघड्या टोकाची सुटत नाही.

पहिली ४४ अक्षरं पाहा. २२ ते २८ या जागी एसीएसीयूसीसी आहे, म्हणजे मिर-१२२च्या बीजाला तंतोतंत पूरक. मध्ये नऊ अक्षरं सोडून ३८ ते ४३ या जागी सीएसीयूसीसी, म्हणजे तीच जागा एका अक्षराने कमी. अशा दोन जागा एकामागोमाग आणि आरएनएच्या अगदी तोंडाशी. विषाणूच्या वेगवेगळ्या जनुकप्रकारांत इतरत्र कितीतरी अक्षरं बदललेली असतात, या दोन जागा मात्र टिकून आहेत. सतत चुका करत प्रती काढणाऱ्या विषाणूने एखादा तुकडा इतका जपला असेल, तर त्या तुकड्यावर त्याचं काहीतरी मोठं अवलंबून आहे असंच धरून चालावं.

पहिल्या जागेवर बसलेल्या मिर-१२२चा शेपटीकडचा भाग मागे वळून विषाणूच्या दुसऱ्या-तिसऱ्या अक्षराशीही जोडी करतो. त्याची शेवटची काही अक्षरं विषाणूच्या टोकापलीकडे लोंबत राहतात. पुढे औषधाला चुकवणारा विषाणू नेमका याच तिसऱ्या अक्षरात बदल करून आला, म्हणून ही जोडी लक्षात ठेवावी.

पुरावा कसा उभा राहिला

मायक्रोआरएनए बांधून ठेवला आणि विषाणू घटला, एवढ्याने थेट संबंध सिद्ध होत नाही. मिर-१२२ यकृतातले शेकडो संदेश दाबतो. त्यांतला एखादा मोकळा झाला आणि त्याने विषाणूला मारलं, अशीही शक्यता राहते. एखादा जाणकार आणखी एक खोच काढेल. मिर-१२२ला बांधणारी कृत्रिम साखळी त्याला पूरक असते, म्हणून तिच्यात विषाणूच्या जागेचीच सात अक्षरं येतात. मग ती विषाणूच्या उलट्या प्रतीलाच चिकटत नसेल कशावरून?

या सगळ्या शंका एका रचनेने मिटतात. प्रयोगाचा क्रम असा:

पहिल्यांदा विषाणूच्या जागेतलं बीजासमोरचं एखाद-दुसरं अक्षर बदलायचं. मिर-१२२ आता बसू शकत नाही, त्यामुळे विषाणूचा आरएनए साठायचा थांबला पाहिजे. तो थांबला.

मग मिर-१२२ची अशी कृत्रिम प्रत करायची, जिच्या बीजात बदललेल्या अक्षराला पूरक बदल आहे. ती दुहेरी द्यावी लागते, म्हणून बदल दोन्ही पट्ट्यांत जुळवून घ्यायचा. एकाच पट्टीत केला तर जोडी सैल पडते आणि आर्गोनॉट चुकीची पट्टी उचलू शकतो. बदललेला विषाणू या बदललेल्या मिर-१२२च्या सोबतीने पुन्हा वाढला पाहिजे. तो वाढला. साधा मिर-१२२ त्याला वाचवू शकला नाही आणि बदललेल्या मिर-१२२च्या यकृतातल्या नेहमीच्या लक्ष्यांचा तर प्रश्नच नव्हता. दोन आरएनए एकमेकांना थेट भेटतात, हे असं ठरलं.

असा प्रयोग करताना कृत्रिम मिर-१२२ची मात्रा साधारण ५० नॅनोमोलरच्या आसपास ठेवतात. फार वाढवली की पेशीतले आर्गोनॉट त्यानेच भरून जातात. मग बाकीचे मायक्रोआरएनए बेघर होतात आणि त्यांची लक्ष्यं मोकळी सुटतात. समोर दिसणारा परिणाम मग मिर-१२२चा की या गर्दीचा, ते सांगता येत नाही. म्हणून तितक्याच मात्रेत असंबद्ध क्रमाचा नियंत्रण-आरएनए सोबत ठेवावाच लागतो. नुसतं 'काहीच न दिलेल्या' पेशींशी तुलना पुरत नाही.

या प्रकरणातला सगळ्यांत बोलका प्रयोग जॉपलिंग आणि सार्नो यांचाच, २००८चा. त्यांनी विषाणूच्या त्याच दोन जागा उचलून एका साध्या संदेशाच्या मागच्या, ३-प्राइम भागात बसवल्या. अक्षरं तीच, अंतर तेच, मिर-१२२ही तोच. पण तिथे मिर-१२२ने संदेश दाबला, नेहमीसारखा. म्हणजे मिर-१२२ मुळात 'गप्प करणारा' नाही आणि 'वाढवणारा'ही नाही. तो आर्गोनॉटला एका जागी नेऊन बसवतो, आणि पुढे काय होईल ते त्या जागेच्या आजूबाजूला काय आहे यावर ठरतं. प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएविषयी बोलताना 'हा आरएनए अमुक जनुक बंद करतो' असं सुटं वाक्य आपण सर्रास लिहितो. त्या वाक्यात जागेचा उल्लेख नसेल तर ते अर्धवट आहे, असं या प्रकरणानंतर ठामपणे म्हणावंसं वाटतं.

टोकाची राखण

तोंडाशी बसल्याने नेमका फायदा काय, हे उलगडायला आणखी दहाएक वर्षं गेली. विषाणूच्या उघड्या टोकावर तीन फॉस्फेट असतात. डीयूएसपी-११ हे यजमान पेशीचं विकर त्यातले फॉस्फेट काढून टोक खायला तयार करतं. मग एक्सआरएन-१ आणि एक्सआरएन-२ ही विकरं त्या टोकापासून एकेक अक्षर कुरतडत जातात. मिर-१२२ आणि आर्गोनॉट टोकावर पसरून बसलेले असले की या विकरांना टोकच हाती लागत नाही. पेशीच्या संदेशांना जी टोपी मिळते, तिची उणीव विषाणू अशी उसन्या आरएनएने भागवतो.

एवढ्यावरच थांबत नाही. मिर-१२२ बसल्याने आरएनएच्या या भागाची घडी बदलते आणि रायबोसोमला सोयीची घडी टिकून राहते. पीसीबीपी-२ हे प्रथिन विषाणूच्या आरएनएवर बसलं की प्रथिननिर्मिती जोर धरते. मिर-१२२ त्याला हटवतो आणि आरएनए नव्या प्रती काढण्याकडे वळतो. एकाच धाग्यावरून रायबोसोम एका दिशेने आणि प्रती काढणारं विकर उलट्या दिशेने धावू शकत नाही, त्यामुळे ही अदलाबदल विषाणूला अत्यावश्यक आहे.

याचा यकृतालाही फटका बसतो. संसर्ग झालेल्या पेशीत विषाणूचे आरएनए मिर-१२२ला शोषून घेतात आणि त्याची नेहमीची लक्ष्यं थोडी मोकळी सुटतात. उंदरांत मिर-१२२चं जनुकच काढून टाकलं तेव्हा यकृतात चरबी साठली, दाह आणि तंतुमयता आली, आणि वय वाढल्यावर गाठी झाल्या. हे निष्कर्ष २०१२ साली दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केले. औषध म्हणून मिर-१२२ बांधून ठेवायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर ही टांगती तलवार होती.

औषध : पंधरा अक्षरांची साखळी

मिरॅव्हिरसेन हे डॅनिश कंपनी सॅन्टॅरिसचं औषध. ही १५ अक्षरांची अँटिसेन्स साखळी आहे, मिर-१२२च्या २ ते १६ या अक्षरांना पूरक: सीसीएटीटीजीटीसीएसीएसीटीसीसी. शेवटची सात अक्षरं नीट पाहा, एसीएसीटीसीसी. विषाणूच्या पहिल्या जागेवरचीच, फक्त आरएनएतल्या यूच्या जागी डीएनएतला टी. मिर-१२२ला पकडायला विषाणू जो गळ वापरतो, तोच गळ औषधाने उचलला आणि त्याची पकड अनेक पटींनी घट्ट केली.

घट्ट कशी? १५पैकी ८ अक्षरांच्या साखरेच्या कड्याला एक जादा पूल घालून ते कुलूपबंद केलं आहे. त्याने साखळी ताठ राहते आणि जोडी सहजी सुटत नाही. उरलेली ७ अक्षरं साधी डीएनएची. सगळ्या जोडांत एका ऑक्सिजनच्या जागी गंधक आहे, त्यामुळे रक्तातली विकरं साखळी तोडत नाहीत आणि ती रक्तातल्या प्रथिनांना धरून यकृतापर्यंत पोहोचते. कुलूपबंद आणि साधी अक्षरं अशी मिसळलेली असण्याचंही कारण आहे. सलग साध्या डीएनएची लांब पट्टी राहिली, तर पेशीतलं आरएनेज-एच हे विकर समोरचा आरएनए कापतं. इथे कापायचं नव्हतं, अडकवून ठेवायचं होतं.

मोजमापात इथे एक खड्डा आहे. औषध दिल्यावर यकृतातून आरएनए काढून नेहमीच्या पीसीआरने मिर-१२२ मोजला, तर तो नाहीसा झाल्यासारखा दिसतो. ही जोडी इतकी घट्ट असते की आरएनए काढण्याच्या रसायनांतही सुटत नाही, मग पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्याला, प्राइमरला, जागाच मिळत नाही. विभाजन करणाऱ्या जेलवर पाहिलं तर जोडी एका वेगळ्या, सरकलेल्या पट्ट्याच्या रूपात दिसते. म्हणून औषध खरोखर काम करतंय का, हे मिर-१२२ मोजून ठरवू नये. त्याने दाबलेले अल्डोलेज-एसारखे संदेश किती वर आले ते मोजावं. माणसांत आणि माकडांत आणखी सोपी खूण मिळाली, रक्तातलं कोलेस्टेरॉल घटलं. मिर-१२२ यकृतातली चरबी-कोलेस्टेरॉल बनवण्याची साखळी चालू ठेवतो, म्हणून तो अडकला की रक्तात फरक दिसतो.

२०१०मध्ये जुना संसर्ग असलेल्या चार चिंपांझींवर हे औषध तपासलं गेलं. आठवड्याला एक मात्रा, बारा आठवडे. दोघांना किलोला ५ मिलिग्रॅम, दोघांना १ मिलिग्रॅम. जास्त मात्रेच्या दोघांत रक्तातला विषाणू २.६ लॉगने, म्हणजे सुमारे ४०० पटींनी घटला. औषध थांबवल्यावर तो सावकाश परत आला, पण मिर-१२२च्या जागांमध्ये बदल झालेले दिसले नाहीत.

माणसांतली चाचणी

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जनुकप्रकार १चे ३६ रुग्ण होते. २९ दिवसांत त्वचेखाली पाच इंजेक्शनं, आठवड्याला एक. नऊ-नऊ जणांचे तीन गट किलोला ३, ५ आणि ७ मिलिग्रॅमचे, आणि नऊ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. विषाणूतली सरासरी कमाल घट अशी होती: ३ मिलिग्रॅमला १.२ लॉग, ५ला २.९, ७ला ३.०, प्लासिबोला ०.४.

लॉगची सवय नसेल तर आकडा फसवतो. ३ लॉग म्हणजे हजार पट. पण मिलिलिटरमागे दहा लाख एकक विषाणू असेल तर हजार पटींनी घटल्यावरही हजार एकक शिल्लक राहतात, आणि तेवढे पुन्हा वाढायला पुरेसे असतात. ७ मिलिग्रॅमच्या गटात चौघांत आणि ५च्या गटात एकात विषाणू काही काळ सापडलाच नाही. औषधामुळे चाचणी थांबवावी लागेल असा त्रास कोणालाही झाला नाही. नंतरच्या दीर्घ पाठपुराव्यातही या रुग्णांत यकृताची नवी समस्या औषधामुळे उद्भवल्याचं दिसलं नाही. उंदरांत जनुक जन्मापासून नसतं, माणसांत मिर काही आठवडे अडकतो, हा फरक इथे महत्त्वाचा.

विषाणू परतलेल्या काही रुग्णांत मात्र तिसरं अक्षर बदललेलं आढळलं, सीच्या जागी यू. आधी पाहिलेली शेपटीकडची जोडी आठवा. बीजाच्या जागा तशाच शाबूत. विषाणूने मिर-१२२ला पूर्ण सोडलं नाही, त्याच्यावरची भिस्त तेवढी कमी केली. यजमानाचा रेणू हे लक्ष्य असेल तर विषाणूला निसटता येणार नाही, हा युक्तिवाद सुरुवातीला फार जोरात केला जात असे. तो पूर्ण खरा नव्हता. मिर-१२२ बदलत नाही हे बरोबर, पण त्याच्याशी विषाणूचं नातं बदलू शकतं.

पुढचा प्रयत्न रेग्युलस या अमेरिकी कंपनीच्या आरजी-१०१चा. त्यात मिर-१२२विरोधी साखळीला गॅलनॅक ही साखर जोडली होती. यकृतपेशींच्या पृष्ठभागावर हीच साखर ओळखून आत ओढणारा ग्राही असतो, त्यामुळे औषध सरळ त्यांच्यात जातं. फरक मात्रेत पाहा. ७० किलोच्या माणसाला मिरॅव्हिरसेनची ७ मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे एका वेळी ४९० मिलिग्रॅम, पाच वेळा मिळून २,४५० मिलिग्रॅम. आरजी-१०१ची किलोला २ मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे १४० मिलिग्रॅम, तीही एकदाच. नेदरलँड्समधल्या ३२ रुग्णांच्या चाचणीत २८ जणांना ते मिळालं. चौथ्या आठवड्यात सरासरी घट २ मिलिग्रॅमला ४.४२ लॉग आणि ४ मिलिग्रॅमला ५.०७ लॉग होती. तिघांत ७६व्या आठवड्यातही विषाणू सापडला नाही. एका इंजेक्शनवर इतकं होणं थक्क करणारं होतं. या चाचणीत जनुकप्रकार ३चेही रुग्ण होते, जो भारतात सर्वाधिक आढळतो. बऱ्याच रुग्णांत विषाणू परतला, आणि बारा आठवड्यांच्या आत परतलेल्यांत पुन्हा त्याच टोकाकडची अक्षरं बदललेली होती.

मग कावीळ झाली. दुसऱ्या रुग्णाला कावीळ झाल्यावर जून २०१६मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने चाचण्या थांबवायला लावल्या आणि २०१७मध्ये कंपनीने औषध सोडून दिलं. कंपनीच्या तपासात दोष मिर-१२२ अडकण्याकडे गेला नाही. साखर जोडलेली साखळी यकृतपेशीत मोठ्या प्रमाणात शिरते, तिथे बिलिरुबिन (रक्तात साठलं की कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) पित्तात टाकणाऱ्या वाहकाला अडथळा करते आणि हिपॅटायटिस सीच्या रुग्णांत ती वाहतूक आधीच मंद असते, असा तो निष्कर्ष होता. लक्ष्य बरोबर असूनही वाहून नेण्याच्या पद्धतीतून त्रास उद्भवू शकतो. आरएनएवरच्या कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम तपासताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: लक्ष्य दाबल्याने हे झालं, की साखळीच्या रसायनाने? ओळखायचा साधा मार्ग असा, की त्याच रसायनाची पण असंबद्ध क्रमाची साखळी तेवढ्याच मात्रेत देऊन पाहायची. तिनेही तोच त्रास झाला तर लक्ष्य निर्दोष.

दरम्यान गोळी आली

कावीळ झाली नसती तरी मिर-१२२विरोधी औषधांना बाजार उरला नव्हता. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर मंजूर झालं. विषाणूच्या स्वतःच्या प्रत काढणाऱ्या विकरावर थेट काम करणारी ही गोळी. सोबतीच्या दुसऱ्या गोळीबरोबर ती बहुतेक रुग्णांना साधारण १२ आठवड्यांत बरं करते. विषाणू दाबून ठेवणं आणि तो शरीरातून कायमचा जाणं यातला फरक इतका मोठा आहे, की रुग्णासाठी निवड सोपी होती. २०१४मध्ये मूळ कंपनीने भारतीय औषधकंपन्यांना परवाने दिले आणि किंमत झपाट्याने खाली आली. जुलै २०१८पासून राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात. महाराष्ट्रातल्या सरकारी केंद्रांतही सिरोसिस नसलेल्या रुग्णाला सोफोसबुव्हिर ४०० आणि डॅक्लाटॅसव्हिर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे, असाच साधारण क्रम असतो. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनएची तपासणी करायची. तेव्हा विषाणू सापडला नाही तर रुग्ण बरा झाला असं धरतात. ही शेवटची तपासणी अनेकजण चुकवतात, कारण तोवर त्यांना अगदी ठणठणीत वाटत असतं. ती चुकवू नये.

मिर-१२२ मात्र दवाखान्याच्या दुसऱ्या दाराने परत येतो आहे. यकृतपेशी फुटली की तिच्यातला मिर-१२२ रक्तात सांडतो. पॅरासिटामॉल जास्त घेतलेल्या रुग्णांत तो यकृताची इजा ओळखणाऱ्या नेहमीच्या एएलटी तपासणीच्या आधी वाढलेला दिसतो. तांबड्या रक्तपेशींत तो जवळपास नसल्याने, नमुना घेताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा फारसा बिघडत नाही. रक्तात मोजल्या जाणाऱ्या मिर-१६ किंवा मिर-४५१चं तसं नाही. त्यांच्या नमुन्यात किंचित लाली आली तरी तो नमुना बाजूला ठेवून नवा घ्यावा लागतो.